न निघालेली शटरिंग

आमचं घर सुतारांचं. गावात मोल्डेड खुर्च्या आणि लोखंडी कपाटं आली आणि बाबांचं काम बसलं. आई काजूच्या कारखान्यात जायची. चिकाने तिच्या बोटांची सालटी निघायची. आमटी झोंबते म्हणून ती चमच्याने जेवायची. आमच्या घरात चमचा तेवढ्यासाठीच होता.

नव्वदनंतर कधीतरी एजंटने बाबांना फर्निचरचं काम सांगून अबू धाबीला नेलं. तिथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात उतरल्यावर कंपनीने पासपोर्ट तिजोरीत ठेवला आणि त्यांना शटरिंगला लावलं. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा. काँक्रीट घट्ट झालं की उपटून फेकायचा. करार संपेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नाही. बाबांच्या मनात मात्र एकच होतं. कंपनीकडून रिलीज, म्हणजे सोडल्याचा कागद घ्यायचा, स्वतःचं वर्कशॉप टाकायचं आणि आईला नि मला तिकडे न्यायचं.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, दर सुट्टीला थोडं वाढवून.

पहिल्याच खांबाला फळ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकायच्या होत्या. बाबांच्या हाताला ते पटेना. त्यांनी कोपऱ्यांना खाचा पाडल्या आणि दाराची चौकट करावी तशा फळ्या एकमेकींत बसवल्या. काँक्रीट ओतलं, सुकलं, आणि साचा काही निघेना. पहारी लावल्या तरी निघेना.

"अरे मिस्त्री, खंबा बनाया कि शादी का पलंग?" केरळचा फोरमन ओरडला. सगळी साइट हसली.

आवाज ऐकून ऑस्ट्रेलियन मॅनेजर आला. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं आणि कोणी केलं म्हणून विचारलं. बाबांना वाटलं, खलास, आता घरी. पण मॅनेजरही हसायला लागला. म्हणाला, "माझा खापरपणजोबा आयर्लंडचा सुतार. चोरीपायी बेड्या घालून जहाजातून ऑस्ट्रेलियाला पाठवला. तिथे त्याला झाडं तोडायला लावलं होतं!" फोरमन हिंदी करून सांगत होता.

"फिर? वापस गया?" बाबांनी विचारलं.

"नाही. शिक्षा संपल्यावर तिथेच वर्कशॉप टाकलं. बायकोलाही बोलावून घेतलं."

"उसने चोरी तो किया था," बाबा म्हणाले. "मैंने क्या किया?"

"ये मैं नहीं बोलेगा," फोरमन कुजबुजला. पण काय म्हणाला ते सांग, म्हणून मॅनेजरने हट्टच धरला, तेव्हा त्याने हिंदीचं इंग्लिश करून सांगितलं. मॅनेजरचं हसू थांबलं. पुढच्या आठवड्यात बाबा कंपनीच्या सुतारशाळेत होते. दरवाजे, खिडक्या, जिन्याचे कठडे. हात परत कामाला लागले.

करार संपत आला तेव्हा कंपनीने तिथलीच फोरमनकी देऊ केली. बाबा म्हणाले, रिलीज द्या. कामगारांच्या कॅम्पमधले त्यांना येडा म्हणायला लागले. आईनेही गावातल्या बूथवरून फोन केला, "अहो, मिळता ता घेवा."

"फोरमन झालंय तरी पासपोर्ट तेंच्याच तिजोरीत गो," बाबा म्हणाले. ही जिद्द मी जवळून पाहिलीय. ती माझ्यातही आहे, लपवत नाही.

मग ते थेट मॅनेजरकडे गेले. "तुला सोडला तर असा सुतार मी कुठून आणू?" तो म्हणाला.

तोवर बाबा कामापुरतं इंग्लिश शिकले होते. म्हणाले, "सर, तुमच्या खापरपणजोबाचा मालकही हेच म्हणाला असेल."

 मॅनेजर उठला, स्वतः कंपनीच्या ऑफिसात गेला आणि सही-शिक्क्याचा रिलीज आणि पासपोर्ट घेऊनच परतला. "यल्ला," चल, निघ, एवढंच अरबीत म्हणाला.

बाबांनी मुसफ्फातच गाळा घेतला. तिथल्या कायद्याप्रमाणे कागदावर भागीदार एक स्थानिक अरब होता, पण करवत बाबांची आणि शब्दही बाबांचा. वर्षभरात आई आणि मी तिकडे गेलो. विमानतळावरून बाबांनी आम्हाला घरी नेलंच नाही. आधी वर्कशॉप दाखवलं. आई भुशातून चालत गेली आणि अर्धवट झालेल्या दरवाजावर हात ठेवून म्हणाली, "हो दरवाजो सागवानाचोच ना?"

"मग! आता हलकं लाकूड आपण लावत नाय."

बारावी मी तिथे केली, पदवी मुंबईत. फी त्याच वर्कशॉपातून आली. बाबांचं स्वतःचं वर्कशॉप झालं, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी झाले.