वेणीची डावी बाजू

थोरलीचा हात विणायला लागला की सुया दिसायच्या नाहीत, नुसता टकटक आवाज यायचा. अख्ख्या गल्लीत तिच्या जोडवेणीच्या स्वेटरांचं नाव होतं. बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन जाड वेण्या, उजवीकडची डावीकडे वळणारी, डावीकडची उजवीकडे वळणारी, जणू एकीने दुसरीला आरशात पाहिलंय. पण त्यातली एकच वेणी तिला येत होती. दुसरी तिच्या धाकट्या जावेची होती, आणि हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. दोघी सुना नवीन असताना सासूबाईंनी समोर बसवून शिकवलं, "तीन टाके आखूड सुईवर घ्यायचे, विणीच्या पुढे, आपल्या बाजूला धरायचे. त्यांच्यानंतरचे तीन विणायचे. मग धरलेले विणायचे. पडला पीळ." थोरलीने तसंच केलं. धाकटीनेही तसंच केलं, पण ती पडली डावखुरी. सुया उलट्या हातांत, त्यामुळे तिचा पीळ पडला उलट्या बाजूला. दुसऱ्या एखादीने उसवायला लावलं असतं. पण सासूबाईंना काही वाया घालवणं जमायचं नाही. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "देवाने दोघींना एकेक बाजू वाटून दिलीय. झालं काम."

पुढे सासूबाई गेल्या, पण वाटणी तशीच राहिली. उजवा भाग आणि पाठ थोरलीची, डावा भाग आणि बाह्या धाकटीच्या. धाकटीचा हात सैल, म्हणून ती एक नंबर बारीक सुया घ्यायची. बावीस वर्षं कोणाला एका टाक्याचा फरक कळला नाही.

मग एके दिवशी त्यांना स्वेटरांच्या ऑर्डरी आणून देणारा लोकरवाला घरी आला. धाकटी तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. "वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग ठेवतोय," तो म्हणाला. "जोडवेणी तुम्हीच शिकवायची. तुमच्यासारखा हात नाही कोणाचा." थोरली फुशारली. तोंडातून निघून गेलं, "शिकवीन की!"

संध्याकाळी धाकटी सुजलेला गाल धरून जिना चढत होती, तर दारावर वर्गाच्या जाहिरातीचा कागद. त्यावर एकच नाव, थोरलीचं. तिने तो दोनदा वाचला.

"शिकवा की ताई," ती म्हणाली. "दोन्ही बाजू शिकवा."

"अगं, मी तुझंही नाव सांगणारच होते…"

"कधी? माझा दात पडल्यावर?" धाकटीने दार लावून घेतलं. आतून नुसता सुयांचा आवाज.

वर्ग गुरुवारी, आणि हातात चार दिवस. बावीस वर्षांचं नाव वीस बायकांसमोर धुळीला मिळणार, या भीतीने थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सुया उलट्या हातांत धरून पाहिल्या. तासाभरात एक टाका विणून झाला, तोही उशीच्या अभ्र्याला अडकला. मग तिने यजमानांना दाढीचा आरसा धरून समोर बसवलं. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, बसायची सवय होती.

"जरा खाली धरा. अहो, आरसा खाली, मान नाही!"

आरशात बघत बघत तिने वीतभर विणलं. यजमान खुशीत ओरडले, "आली की! आरशात अगदी डावी बाजू दिसतेय!"

थोरलीने हातातला तुकडा पाहिला. पीळ नेहमीसारखाच. "मग गिऱ्हाइकाला स्वेटरासोबत आरसाही देऊ का? आणि धरायला तुम्हाला?"

गुरुवारी देवाला हात जोडून ती हॉलमध्ये गेली. उजवा भाग झोकात शिकवला. मग पुढच्या रांगेतून एकीने विचारलं, "आता डावा?" थोरली पाणी प्यायली. तिने चष्मा पुसला. परत पाणी प्यायली. शेवटच्या रांगेत धाकटी बसलेली दिसली, गाल अजून टम्म फुगलेला.

"बायांनो," थोरली म्हणाली, "डावा मला येत नाही. कधीच आला नाही. तो माझ्या जावेचा आहे. ती बघा बसलीय, सुजलेली."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. धाकटी उठली, पुढे आली, आणि थोरलीला कोपराने सारून खुर्चीवर अर्धी जागा घेतली. "सरका की ताई. किती पसरता!"

मग दोघी एका खुर्चीवर बसून विणू लागल्या. एक उजव्या हाताची, एक डावखुरी, मधल्या कोपरांची टक्कर दर चौथ्या टाक्याला. बायका भान हरपून बघत होत्या. शेवटी एकीने रडवेल्या आवाजात विचारलं, "पण आमच्या घरी कोणीच डावखुरं नाही हो. आम्ही काय करायचं?"

थोरलीने धाकटीला कोपर मारलं, धाकटीने थोरलीला.

कोपऱ्यात बसलेल्या, गल्लीतल्याच एक नर्सबाई बोलल्या. त्यांना पाच वाजता ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून त्या मघापासून घड्याळ बघत होत्या. "अहो, त्यात काय एवढं? डाव्या भागाला तेच तीन टाके पुढे न धरता मागे धरायचे. एकाच हाताने दोन्ही वेण्या."

हॉलमध्ये सुई पडली असती तरी ऐकू आली असती. नंतर खरंच एक पडली, धाकटीची.

"बावीस वर्षं," थोरली पुटपुटली.

"गप्प बसा ताई," धाकटी कुजबुजली.

पुढच्या गुरुवारी वर्ग नर्सबाईंनी घेतला. दोघी जावा मागच्या बाकावर शिकायला बसल्या आणि बडबड केल्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ली. टाके मागे धरणं थोरलीला दहा मिनिटांत आलं. तिने हळूच शेजारी पाहिलं, धाकटीलाही आलं होतं. थोरलीने आपलं विणलेलं भराभर उसवून टाकलं.

"जमतंय का गं तुला?" तिने विचारलं.

धाकटीने आपला तुकडा पदराखाली सारला. "छे हो! डोक्यावरून गेलं सगळं. तुम्हाला?"

"मला कुठलं जमायला," थोरली म्हणाली. "हे बघ, लोकरवाल्याची नवीन ऑर्डर आलीय, निळी लोकर. डावा भाग तूच घे बाई."