दुखायचं थांबलं तरी या

मुतखड्याच्या डॉक्टरकडे खडे साठत नाहीत. ते पेशंट डबीत घालून घरी नेतात, पाहुण्यांना दाखवायला. माझ्याकडे साठतात ते किस्से. अंबरनाथला दवाखाना टाकून वीस वर्षं होतील, आणि यातले निम्मे किस्से एकाच वाक्याने सुरू होतात. "मॅडम, दुखायचं थांबलं!" लोक हे आनंदाने सांगतात हो. माझं डोकं फिरतं.

* * *

उल्हासनगरचे एक सिंधी शेठ. इलास्टिकचा होलसेल धंदा. खडा नळीत अडकलेला, पण दुखणं थांबलं म्हणून ऑपरेशन कॅन्सल करायला आले होते.

मी म्हटलं, "शेठ, नळी बंद आहे. लघवी मागे तुंबते, किडनी फुगते, आतल्या पेशी ताणल्या जातात. काही दिवसांनी किडनीच दमते, लघवी कमी करते, म्हणून दुखत नाही. ताण आहेच! ताणलेल्या पेशींना वाटतं, जखम झाली. मग डागडुजीचे धागे विणले जातात, विणतच राहतात. भाजल्यावर कातडीवर पडतो तसा कडक व्रण किडनीच्या आत पडतो. तेवढा भाग गेला कामातून."

शेठ विचारात पडले. "मतलब इलास्टिक बहुत दिन खींचके रखा, फिर वापस नहीं आता. वैसा?"

"तसंच. वर कडकही होतं."

"हमारा माल तो कंपनी वापस लेती है," शेठ म्हणाले. "ये कौन लेगा?"

त्याच आठवड्यात ॲडमिट झाले. वीस वर्षांत माझं बोलणं इतक्या लवकर समजलेला हा एकच माणूस.

* * *

एमआयडीसीतला एक सुपरवायझर. खड्यावर बिअर, हा त्याचा उपाय. अख्ख्या शिफ्टला सांगून झालेला.

"अडकलेल्या नळीवर बिअर म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतणं!" मी ओरडले. "कळतंय का?"

त्याने शांतपणे मान डोलावली. "मग मॅडम, स्ट्राँग नको. माइल्ड चालेल?"

माझ्यापेक्षा जास्त पेशंट तोच बघतो, याचा मला खरा राग आहे.

* * *

सगळ्यात जास्त राग मला आला तो हेंद्रेपाड्याच्या जनाकाकांचा. सहा वर्षांपूर्वी उजव्या बाजूचा खडा, कळवळत आले होते. ऑपरेशनची तारीख दिली. त्या दिवशी माणूस गायब, आणि दुपारी फोन!

"डाक्टरीनबाय, आयतवारी जेवाला या. बोकड कापतंव. दुखना थांबला, देवीचा नवस फेडाचा हाय."

फोनवर मी इतकी ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. किडनी सडवताय, उद्याच्या उद्या या, काय नाही ते बोलले.

"मटन नाय खात का तुमी?" जनाकाका म्हणाले.

मी फोन आपटला. जेवायला काही गेले नाही. गेले असते तर ताटावरून उठवून आणलं असतं त्यांना. तेवढं सुचलं नाही, आणि तो राग माझा माझ्यावरच आहे.

* * *

त्यानंतर मी दारावर पाटी लावली. "दुखायचं थांबलं तरी या." दोनच दिवसांत कोणीतरी पेनाने खाडाखोड करून तिचं "दुखायला लागलं तर या" करून ठेवलं.

मी शोभाताईंवर, म्हणजे आमच्या रिसेप्शनिस्टवर, भडकले. "तुमच्यासमोर लिहून गेला ना तो?"

"मॅडम, मला वाटलं चूक सुधारतोय," शोभाताई म्हणाल्या. "मलाही ते उलटंच वाटत होतं."

बारा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ही बाई!

* * *

या वर्षी जनाकाका आले. सोबत काकी. काकींच्या दोन्ही किडन्या बीपीने गेल्या. तिथेही दाबच, फक्त रक्ताचा, आणि तोही दुखत नाही. डायलिसिस चालू होतं. काकांना आपली एक किडनी काकींना द्यायची होती. रक्तगट जुळला होता, म्हणून काका नवा शर्ट घालून आले होते.

मी काकांचा रिपोर्ट दोनदा वाचला. उजवी किडनी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी, आत सगळा व्रण. चालत होती ती एकटी डावी.

ओरडायचं खूप मनात होतं. पण हळूच सांगितलं, "काका, तुम्हाला देता येणार नाही. तो खडा तेव्हा तिथेच राहिला."

"मंग डावी घे ना, बाय. ती तं चालते."

"ती काढली तर तुम्ही कशावर जगणार?"

"मना काय व्हतंय?" काका म्हणाले. "मना कुठं दुखतंय?"

काकींनी पदर सावरला.

"नवस माझा व्हता, बाय," त्या म्हणाल्या. "यांचा दुखना थांबू दे म्हून."