स्टेडियमचा मॅनेजर

थोरल्या भावाला मी दादा म्हणते. पण त्या दिवशी परदेशात, त्या पडक्या मैदानावर, मी त्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दादा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. उभी नोकरी साहेबाच्या केबिनबाहेरच्या टेबलावर काढली, पण केबिनमध्ये बसायला काही मिळालं नाही. त्याची भरपाई मुलाकडून करून घ्यायची हे त्याने पोरगं पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. पोराला कोणी विचारलं नाही. पोरगं हुशार होतं, परदेशात शिकायला गेलं, आणि दुसऱ्याच वर्षी शिक्षण सोडून एका छोट्या फुटबॉल क्लबात कामाला लागलं.

त्याने काही लपवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. फोन आला तेव्हा मी तिथेच होते, स्पीकर चालू होता. तो म्हणाला, मी मैदानाचं गवत सांभाळतो, रेषा मारतो, पडेल ते काम करतो, आणि मजेत आहे. दादाने फोन ठेवला, आणि सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या त्याच्या मित्रमंडळीला सांगून मोकळा झाला की मुलगा परदेशात स्टेडियमचा मॅनेजर झाला.

माझं इस्त्रीचं दुकान आहे. गावभरच्या बातम्या माझ्याकडे कपड्यांबरोबर येतात. त्याच दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकं माझं अभिनंदन करायला लागली. कसला मॅनेजर, म्हणून मी तडक दादाच्या घरी गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तर म्हणाला, तुला काय कळतं, मैदान सांभाळतो म्हणजे मॅनेजरच की. वहिनी तेव्हा हयात नव्हती. असती तर कान धरला असता. मी धाकटी, माझं कोण ऐकतो? सहा वर्षं हा माणूस त्या मॅनेजरकीवर मिशीला पीळ देत फिरला, आणि मी मूग गिळून बसले.

मग भाच्याने आम्हा दोघांची तिकिटं पाठवली. हंगामातला शेवटचा घरचा सामना आहे, बाबा, एकदा माझं मैदान बघायला या, असं फार मनापासून म्हणाला. दादा एकटा जाणार नव्हता. विमानतळावर त्याची गाळण उडते. म्हणून मी. निघायच्या आधी त्याच्या निळ्या सुटाला मीच इस्त्री केली, आणि शहाणा विमानात तोच घालून बसला. घडी मोडेल म्हणून रात्रभर पाठ टेकली नाही.

मैदान घरांच्या दोन रांगांच्या मधोमध होतं. आत शिरायचं दार इतकं अरुंद की मला अंग चोरून जावं लागलं. डोक्यावर गंजके पत्रे, बसायला लाकडी बाकं, त्यांच्यावरचे आकडे बसून बसून पुसलेले. बाथरूमचं तर नावच काढू नका. क्लब खालच्या कुठल्याशा गटातला, आणि त्या गटातही शेपटाला. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण चेंडू गोलात कमी आणि शेजारच्यांच्या परसात जास्त जातोय एवढं मलाही दिसत होतं.

पण ते गवत! बाकी सगळं मोडकळीला आलेलं, आणि मधोमध तो हिरवागार चौकोन. पांढऱ्या रेषा इतक्या सरळ, की मी सदऱ्याच्या बाहीला इतकी सरळ घडी पाडली तर दिवसभर खुशीत असते. आमच्या दोन जागा भाच्याने ओल्या फडक्याने पुसून ठेवल्या होत्या, वर पांघरुणं घातली होती. मी दादाला म्हटलं, बघ रे, पोराने काय राखलंय. दादा मान वर करून पत्र्यांची भोकं बघत होता.

मध्यंतर झालं. खेळाडू आत गेले आणि तीन-चार माणसं हातात लांब दांड्याचे काटे घेऊन मैदानात उतरली. खेळताना बुटांनी उखडलेली ढेकळं परत जागच्या जागी बसवायची, काट्याने माती सैल करायची, वरून पायाने दाबायची, असं ते काम. सगळ्यांच्या पुढे आमचा भाचा, गुडघ्यापर्यंत चिखलात. आमच्या समोर आला तेव्हा त्याने वर बघून हात हलवला.

शेजारी एक म्हातारा बसला होता. भला माणूस, त्याच्या थर्मासमधला चहा त्याने आम्हालाही दिला होता. त्याने भाच्याकडे बोट दाखवून दादाला काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नाही, दादाला कचेरीपुरतं येतं, पण अशा वेळी माणूस काय विचारणार? दादाने मैदानाकडे पाहिलं, कोटाची कॉलर सारखी केली आणि मान हलवली. नाही.

मी विचारलं, काय म्हणत होता तो? दादा म्हणाला, काही नाही, ओळखता का म्हणत होता. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, एवढ्या लोकांत काय सांगायचं.

एवढे लोक! आमच्याकडे साध्या साखरपुड्याला जास्त माणसं येतात. आणि त्यातलं याला ओळखणारं कोण होतं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन भाच्याला हलवून दाखवले. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, थर्मासचं झाकण लावलं आणि पुढे बघत बसला. शरमेने मेले मी, आणि ज्याला वाटायला हवी होती तो घड्याळ बघत होता.

क्लब दोन गोलांनी हरला. तरी माणसं उठेनात. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी बाकावरून हात फिरवत होतं, एक बाई डोळे पुसत होती. हरल्याचं एवढं काय, असं मला वाटलं.

भाचा आम्हाला घ्यायला आला. दादाने त्याला आधी काय विचारावं? इथे एखादं चांगलं ऑफिस आहे का, टेबल-खुर्चीचं. बाबा दमले असतील असं वाटून पोराने आम्हाला क्लबाच्या सेक्रेटरीच्या खोलीत नेलं, पाणी आणून दिलं. दादा बक्षिसांच्या कपांच्या कपाटापुढच्या फिरत्या खुर्चीत ऐसपैस बसला आणि फोन पुढे करून म्हणाला, एक फोटो काढ. भाचा फोन घेऊन सेल्फीसाठी हसत हसत त्याच्या शेजारी जाऊन वाकला, मलाही खुणेने बोलावलं.

"तू बाजूला हो," दादा म्हणाला. "कपड्यांना चिखल आहे. माझ्या एकट्याचा काढ. मागचे कप आले पाहिजेत."

पोरगं बाजूला झालं. फोटो काढला, नीट आलाय का ते दाखवलं, आणि बाबा जरा डावीकडे वळा म्हणून आणखी एक काढला. मला राहवेना. मी सगळं ओकून टाकलं. बाग, मित्रमंडळी, सहा वर्षांची मॅनेजरकी, आणि मघाशी बापाने हलवलेली मान. दादा मला गप्प बस म्हणत होता. मी आवाज आणखी चढवला.

मॅनेजरचं भाच्याला ठाऊक होतं. बागेतल्या दोघांनी आपापल्या मुलांना तिथे नोकरीला चिकटवून घे म्हणून त्याला फोन केले होते. मान हलवल्याचं ठाऊक नव्हतं. ते ऐकल्यावर तो थोडा वेळ हात पँटला पुसत राहिला. हात कोरडेच होते.

मग म्हणाला, "बाबा, हे मैदान आता पाडणार आहेत. इथला हा शेवटचाच सामना होता, म्हणून बोलावलं तुम्हाला. माझं कामही सुटेल. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा आणि मला कळवा. म्हणजे मीही तेच सांगेन."

मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल, पोराला जवळ घेईल. दादा विचार करत होता. खरोखर विचार करत होता, कपाळाला आठ्या घालून.

"पाडतायत म्हणजे नवीन मोठं बांधणार असतील," तो म्हणाला. "बढती मिळाली म्हणून सांगू."

भाचा "बरं" म्हणाला. अगदी अदबीने, साहेबाला म्हणतात तसं. मग तो कोपऱ्यांतले झेंडे काढायला मैदानात गेला.