मागच्या काचेवरचा कागद

शिवलीला मगदूम आमच्या विमा कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसली. मोटारींचे दावे तिच्याकडं असायचे. गाडी ठोकली, जळाली, चोरीला गेली, की कागद पहिल्यांदा तिच्या हातात यायचे. चोरीच्या दाव्यात ती आधी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागायची. एकच घेऊन आलेल्या माणसाला समोर बसवून पाणी द्यायची आणि "दुसरी कुठं राहिली, पावणं?" असं इतक्या सहज विचारायची, की निम्मे लोक खरं सांगून मोकळे व्हायचे.

घरी मात्र तिचा असा दबदबा नव्हता. सासरचे मूळचे कुरुंदवाडचे. राजारामपुरीतल्या घरात खाली थोरले दीर शिवकुमार आणि जाऊ सौंदर्या, वर शिवलीला आणि तिचा नवरा राजशेखर. सौंदर्या दहावीपर्यंत शिकलेली, पण बोलायला गोड आणि दिसायला देखणी. पाहुणे आले की तिच्याच भोवती बसत. "पोळ्या मी लाटायच्या आणि चव सौंदर्याअक्कांच्या हाताची," असं शिवलीला म्हणायची आणि मग डब्याचं झाकण उगाच जोरात लावायची. तिच्या वाट्याला एकच मान होता. गल्लीतल्या कुणालाही कागदपत्रातलं काही अडलं, की तिला विचारत.

दोन हजार पाच साली दिरांनी नवी चारचाकी घेतली. त्याच दिवाळीत त्यांच्या पुण्याच्या मुलीनं घरी कॉम्प्युटर आणून आईला ईमेल उघडायला शिकवलं. सौंदर्यानं आपला पत्ता वहीच्या कागदांवर लिहून गल्लीभर वाटला. शिवलीलालाही एक दिला.

संध्याकाळी बायका महादेवाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर बसायच्या. एक दिवस सौंदर्या ईमेलवर आलेल्या सूचनेचा छापील कागद घेऊन आली. चोर गाडीच्या मागच्या काचेवर कागद चिकटवून ठेवतात म्हणे. आपण गाडी सुरू केली की तो आरशात दिसतो, काढायला आपण खाली उतरतो, आणि तेवढ्यात चोर आत बसून गाडी घेऊन जातो. खाली लिहिलेलं होतं, ही सूचना दहा जणांना पाठवा. बायकांनी कागद हातोहात फिरवला. शेजारच्या बाळाबाईंच्या घरी गाडीच नव्हती, तरी त्यांनी प्रत मागून घेतली.

"हे खोटं हाय," शिवलीला म्हणाली. "आमच्याकडं असली एकबी केस आली न्हाई."

सौंदर्या हसली. "लीला, तुमच्याकडं गाडी गेल्यावर कागद येतात. माझ्याकडं जायच्या आधी येतोय."

सगळ्या हसल्या. ते हसणं शिवलीला घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत घेऊन आली. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या फायलींच्या खोलीत बसून होती. चोरीचे सगळे दावे तिनं उपसले. कुणी किल्ली गाडीतच ठेवून चहाला गेलेला, कुणाचा ड्रायव्हर गाडीसकट पळालेला, कुणी पन्हाळ्याला उघड्या काचांनी गाडी लावून फोटो काढत बसलेला. मागच्या काचेचा कागद एकाही फिर्यादीत नव्हता. तिनं ओळखीच्या हवालदारांना, हंबीररावांना, फोन लावला. ते म्हणाले, "बाई, आमचा चोर एवढं डोकं चालवत न्हाई."

हे सगळं तिनं कट्ट्यावर सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. मग बाळाबाई म्हणाल्या, "खोटं असंल की. पर जपलं तर काय बिघडतंय?" आणि सौंदर्याकडं वळून त्यांनी विचारलं, "नवीन काय आलंय काय गं?"

शिवलीला मला म्हणाली होती, "खरं मी शोधलं. मान तिला."

मग ती नेट कॅफेत गेली. तिथल्या माणसाकडून स्वतःचं ईमेल उघडून घेतलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून सौंदर्याला एक सूचना पाठवली. फायलीतलीच खरी गोष्ट होती. एका लग्नाला गेलेल्या माणसाकडून कार्यालयाबाहेर कुणीतरी 'गाडी लावतो' म्हणून किल्ली घेतली आणि गाडी नेली. घटना एकच, तीही तीन वर्षांपूर्वीची. सौंदर्यानं ती कट्ट्यावर वाचलीच नाही. "तू पाठवलेलं बघितलं," एवढंच जिन्यात म्हणाली.

आठवड्यानं शिवलीला परत कॅफेत गेली. या वेळी तिनं खोट्या नावाचा पत्ता काढला. तीच गोष्ट लिहिली, पण एका गाडीच्या चौदा गाड्या केल्या, तीन वर्षांपूर्वीचं गेल्या महिन्यात आणलं, वर 'पोलिसांकडून तातडीची सूचना' असं मोठ्या अक्षरांत घातलं. लग्नकार्यालयात गाड्या लावणाऱ्या टोळीपासून सावध राहा, ही सूचना दहा जणांना पाठवा.

तिसऱ्या दिवशी सौंदर्यानं कट्ट्यावर ती वाचून दाखवली. शिवलीला कोपऱ्यात बसून आपलं वाक्य न् वाक्य जावेच्या तोंडून ऐकत होती. बायका पुढं सरकून ऐकत होत्या, एकीनं तर तोंडाला पदर लावला. आधी शिवलीलाला बरं वाटलं. मग बाळाबाई म्हणाल्या, "सौंदर्या, तू हाईस म्हणून आमाला कळतंय बघ." आणि शिवलीलाचा चेहरा उतरला. शब्द तिचे, आणि कौतुक परत जावेचं. आणि हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी माझ्या पुतण्याचं लग्न होतं. शिवलीला आली होती. त्या कार्यालयात गाड्या दाटीनं लावाव्या लागत, म्हणून ज्ञानू नावाचे एक म्हातारे पाहुण्यांच्या किल्ल्या घेऊन खिळ्यांच्या फळीवर टांगत. आधी बिद्रीला साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचे, आणि इथंही त्यांना बारा वर्षं झाली होती. त्या दिवशी कुणी त्यांना किल्ली देईना. गाड्या वेड्यावाकड्या लागल्या, वाट अडली, नवरदेवाची गाडी आत येईना. त्यांनी एका गृहस्थाकडं किल्लीसाठी हात पुढं केला, तर त्यानं त्यांची कॉलर धरली. "टोळीतला हाईस काय रं?" म्हणाला. "आमाला ईमेल आलंय."

कॉलर सोडल्यावर ज्ञानूंनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि भिंतीकडेला जाऊन उभे राहिले. संध्याकाळी कार्यालयाच्या मॅनेजरनं त्यांना दुसऱ्या दिवसापासून यायला नको म्हणून सांगितलं.

शिवलीला माझ्याजवळच उभी होती. "मी लिवलंय ते," ती हळूच म्हणाली. मला आधी कळलंच नाही. मग तिथंच, खुर्च्यांच्या ओळीमागं, तिनं मला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती जुनी फाईल घेऊन मॅनेजरकडं गेली. चोरी एकच, दुसऱ्या कार्यालयाबाहेरची, तीन वर्षांपूर्वीची, आणि बाकी सगळं मी जोडलंय, असं तिनं सरळ सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "ताई, मला पटतंय. पर पाव्हण्यांना कोण सांगणार?"

पाहुण्यांना सांगू शकेल असं एकच माणूस तिला माहीत होतं. ती खाली गेली. सौंदर्या भाकऱ्या थापत होती.

"अक्का, ती पोलिसांची सूचना मी पाठवलती. खोट्या नावानं."

सौंदर्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "का?"

"तुमचं सगळे ऐकतात म्हणून. त्यापायी कार्यालयातल्या एका म्हाताऱ्याचं काम गेलं."

सौंदर्यानं पुढची भाकरी थापायला घेतली. तिला राग आला होता, तो हातांच्या थापांत ऐकू येत होता. मग तिनं गॅस बंद केला, हात धुतले आणि कॉम्प्युटरसमोर बसली. "सांग, काय लिहू. त्या म्हाताऱ्याचं नाव काय?"

ज्यांना ज्यांना सूचना गेली होती त्या सगळ्यांना तिनं पत्र पाठवलं. आपण न तपासता पुढं पाठवलं, चूक झाली, ज्ञानू प्रामाणिक माणूस आहे, त्याला त्रास देऊ नका. शिवलीलाचं नाव तिनं कुठंच घातलं नाही. त्या रविवारी कट्ट्यावरच्या पाच-सहा बायका घेऊन ती ज्ञानूंसाठी बोलायला कार्यालयात गेली. दोन महिन्यांनी ज्ञानू परत कामावर लागले. ती सूचना मात्र काही थांबली नाही. पुढं कधीतरी सांगलीहून फिरत ती आमच्याच कचेरीत आली, तेव्हा तिच्यात चाळीस गाड्या झाल्या होत्या. शिवलीलानं साहेबांना तिथल्या तिथं सांगितलं, ही खोटी आहे, आणि कशी ते मला ठाऊक आहे.

गल्लीत अजून बोलतात, चूक झाली तर सौंदर्यासारखं चारचौघांत कबूल करावं. शिवलीला निवृत्त व्हायच्या सुमारास एकदा मी तिला विचारलं, हे ऐकून तुला काय वाटतं.

"तिनं माझं नाव झाकलं, ते मी इसरणार न्हाई," ती म्हणाली. टेबलाचा खण रिकामा करता करता ती थोडी थांबली. "पर कबूल पहिल्यांदा मी केलतं. तेबी तिच्याच नावावर गेलं की."