ओके शे

लोखंडी भागाचं भोक फडक्याने पुसायचं, माप तपासायचं गेज आत सरकवून बाहेर काढायचं, मग तो भाग कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायची. आणि म्हणायचं, "ओके शे." माल पुढे जायला मोकळा.

नव्वदच्या दशकात अंबडच्या आमच्या कारखान्यात माल तपासणारे आप्पा मालेगावकडचे. 'आहे'ला अहिराणीतलं 'शे' त्यांनी नाशकात राहूनही सोडलं नाही. इंग्रजीतला एकच शब्द त्यांच्याकडे होता, तो ते सगळीकडे चालवायचे. कुणी गप्पा मारत रेंगाळला की "ओके, ओके", म्हणजे निघा आता. लेक सुखरूप बाळंत झाली तेव्हा पेढा हातावर ठेवून म्हणाले, "दोन्ही ओके शेतस."

"आप्पा, नातवाला गेज लावलं का?" मी विचारलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

साहेबाला 'नाही' म्हणणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. मनाला पटलं नाही की नुसतं "ओके" यायचं, 'शे' गळायचं. खात्यात हे फक्त मला ठाऊक होतं. मी त्यांचा सुपरवायझर.

एका दुपारी गेजची जी बाजू आत जायला नको, ती सहज गेली. भोकं मोठी, सगळाच माल सैल. गेटवर ट्रक उभा.

"आप्पा, जाऊ द्या ना आता."

ते गेजकडे बघत राहिले. "ओके."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही. रिपोर्टवर 'ओके' लिहिलं आणि तो सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.

आठवड्याने सगळा माल परत आला. मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला विचारलं, "हा ओके म्हणाला होता की नाही?"

"म्हणाला होता, सर."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ओके, साहेब," म्हणाले. खात्यात परतून गेज फडक्याने पुसून लाकडी पेटीत ठेवलं आणि गेले. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली.

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. भिंतीवर आप्पांचा फोटो होता, फोटोला हार. त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. तुम्हाला सांगतोय तसंच, काही न लपवता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "माले माहीत शे. त्या म्हनेत, साहेबले समजनं व्हतं." साहेब म्हणजे मी; मला समजलं होतं, असं आप्पा म्हणायचे.

मग चहा आणला. मी एक घोट घेतला.

"साखर ओके शे ना, भाऊ?"

"ओके," मी म्हणालो. पुढचा शब्द काही तोंडातून निघाला नाही.