धाकटीची तहान

आमच्याकडे दोन काळ्या लॅब्राडोर कुत्र्या आहेत, आई आणि मुलगी. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं आहेत. घरात आम्ही थोरली आणि धाकटी म्हणतो.

थोरली मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो त्या वर्षी आली. ज्यांनी दिली ते म्हणाले, ही जात दारात बसवून ठेवायची नाही, हिला काम द्या. काम म्हणजे रिट्रीव्हरांच्या, पडलेली शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्यांच्या, मैदानी स्पर्धा. शिकार बंद आहे, त्यामुळे पक्ष्याऐवजी जाड कापडाची भरलेली गुंडाळी लांब फेकतात, गवतात किंवा पाण्यात. ती कुठं पडली हे कुत्र्यानं ध्यानात ठेवायचं, शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही, मग सरळ जाऊन ती दात न रुतवता तोंडात धरून आणायची आणि मालकाच्या हातात द्यायची. बायकोनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली की स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून न उचलणाऱ्या माणसानं दुसऱ्याला हे शिकवणं तिला बघायचंच आहे.

शिकवणं सांडोरला एका ओळखीच्यांच्या केळीच्या वाडीत सुरू झालं. थोरली चांगली निघाली. चौथ्या वर्षी तिला पिल्लं झाली, चार. त्यातली तीन पार्व्होच्या साथीत आठवड्याभरात गेली. उरली ती धाकटी. नंतर थोरली मागच्या पायांनी ओढत चालू लागली. एक्स-रेत दोन्ही खुब्यांचे सांधे सैल दिसले. तिची स्पर्धा संपली आणि पुन्हा पिल्लं होऊ द्यायची नाहीत असं ठरलं.

धाकटी आईपेक्षा सरस होती. हे मी मालक म्हणून लिहीत नाही. दोन परीक्षकांनी वेगवेगळ्या वेळी तसं सांगितलं होतं. गुंडाळी फेकली की बहुतेक कुत्री मालकाच्या तोंडाकडे बघतात. ती पडल्या जागेकडे बघत राहायची. एकामागून एक दोन फेकल्या, तरी दुसरी आणल्यावर पहिलीकडे रेष आखल्यासारखी जायची. हा गुण तिच्यापाशी संपू नये एवढीच आमची इच्छा होती. त्यासाठी तिला पिल्लं व्हायला हवी होती.

पहिल्यांदा नर दाखवला तेव्हा ती रिकामी राहिली. दुसऱ्यांदा सोनोग्राफीत पाच गर्भ दिसले. त्या दिवसांत मी तिला कामणला गोदामांच्या मागच्या मोकळ्या गवतात नेत असे, कारण तिथं सकाळी कुणी नसतं. तिथल्या गोचिडांनी तिला ताप आणला. ताप औषधानं उतरला. पुढच्या सोनोग्राफीत गर्भ नव्हते. माणिकपूरच्या डॉक्टर बाईंनी समजावलं की ते शरीरातच विरघळले.

पुण्याकडच्या एका गृहस्थांचा नर आम्हाला हवा होता. त्यांचा नियम असा की स्पर्धेत पात्र ठरलेल्या मादीलाच नर द्यायचा. आदल्या वर्षी धाकटी स्पर्धेच्या अकरा दिवस आधी माजावर आली होती आणि माजावरची मादी मैदानावर आणता येत नाही, त्यामुळे नाव मागे घ्यावं लागलं. आता ती साडेपाच वर्षांची होती. डॉक्टरांच्या मते एकदाच आणखी प्रयत्न करता येणार होता. म्हणजे जानेवारीत स्पर्धा, पुढच्या माजाला तो नर, आणि जमलं तर पिल्लं. यातली एक पायरी चुकली तर पुढं काही नव्हतं.

ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला माजावर आली आणि महिना सरायच्या आत निवळली. मला हायसं वाटलं. स्पर्धेच्या वेळी आता अडचण येणार नव्हती. गोचिडांच्या धास्तीनं मी गवत सोडलं आणि सराव एका बंद पडलेल्या मिठागरावर नेला. तिथल्या वाफ्यांत भरतीचं पाणी शिरतं. पाण्यात गोचीड नसतात, पोहण्यानं थोरलीचे सांधेही मोकळे राहतात, असा हिशेब होता. रोज सकाळी दोघींना गाडीत घालून न्यायचो. थोरलीला थोडं पोहू द्यायचो, धाकटीला बारा वेळा पाठवायचो. बरोबर पिण्याच्या पाण्याचे दोन डबे असत, दोघींना एकेक.

मिठागरावर एक म्हातारा राखणदार आहे. आधी त्यानं आम्हाला हुसकलं होतं, मग सवय झाली. बांधावर बसून तो शेरे मारायचा. ही सरकारी नोकरीत असती तर वरचा साहेब झाली असती, आणलेला कागद लगेच हातात देते, असं एकदा म्हणाला. डिसेंबरच्या मध्यावर, तिसऱ्या आठवड्यात असेल, तो डब्याकडे बघत म्हणाला, "साहेब, ही पानी जास्ती पिते."

मी सांगितलं की खाऱ्या पाण्यात पोहते, थोडं पोटात जातं, त्यामुळे तहान लागते.

"मोठीपन त्याच पान्यात जाते. ती कुठं एवढी पिते?"

थोरली कमी पोहते, असं मी उत्तर दिलं. मिठाच्या पाण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस मला मिठाची तहान कशी असते ते सांगत होता, आणि मी त्याला समजावत होतो. पस्तीस वर्षं मी इतरांच्या बातमीत एकच गोष्ट शोधत आलो होतो : हे दुसरीकडून पडताळलं का. इथं पडताळणी डोळ्यांसमोर होती, दोन डब्यांपैकी एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा. घरीही धाकटी भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करत होती. बायकोनं सांगितलं तेव्हा मी तिलाही मिठागराचंच कारण दिलं. त्या काळात माझ्या वहीत वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, किती वेळा पाठवली आणि किती सेकंद लागले, सगळं आहे. पाण्याबद्दल एक शब्द नाही.

आठ दिवसांनी ती एका फेकीला उठलीच नाही. शिट्टी झाली, ती पडल्या जागेकडे बघत होती, पण बसून राहिली. दुसऱ्या शिट्टीला गेली, गुंडाळी आणली, हातात दिली आणि तिथंच ओली आडवी झाली.

डॉक्टर बाईंनी पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. किती दिवस जास्त पिते आहे? मला नक्की सांगता आलं नाही. सोनोग्राफीत गर्भाशय पुवानं भरलेलं दिसलं. माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांत वयानं मोठ्या माद्यांना हे होतं, त्या म्हणाल्या. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर बाहेर स्राव दिसतो, हिचं बंद आहे, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. तहान तेवढी दिसते.

मी विचारलं, गर्भाशय वाचवता येईल का. त्या म्हणाल्या की इंजेक्शनं असतात, पण बंद तोंडाच्या केसमध्ये गर्भाशय फुटू शकतं आणि त्या स्वतः ती देणार नाहीत. त्यांचा सल्ला शस्त्रक्रियेचा, त्याच दिवशी.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हणालो.

त्यांनी सलाइन लावलं, प्रतिजैविकं सुरू केली. "वेळ देणारी मी कोण?" त्या म्हणाल्या. संमतीचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

त्या दुपारी मी पुण्याच्या गृहस्थांना, त्यांनी सुचवलेल्या डॉक्टरांना आणि एका जुन्या परीक्षकांना फोन केले. सगळे सविस्तर बोलले. कुणी म्हणालं नाही की वाट बघा. कुणी वाट बघा म्हणावं म्हणून मी पुढचा फोन लावत होतो. बायको एकदाच बोलली. "पिल्लं अजून झालेली नाहीत. ही झालेली आहे." मग ती थोरलीला फिरवायला खाली घेऊन गेली.

सकाळी दवाखान्यातून फोन आला की धाकटीला उलट्या होत आहेत आणि हिरड्या फिक्या पडल्या आहेत. मी जाऊन सही केली. शस्त्रक्रियेला दीड तास लागला. मी रिक्षा स्टँडसमोरच्या बाकावर बसलो होतो. काढलेलं गर्भाशय डॉक्टरांनी एका ट्रेमध्ये दाखवलं, दाखवायची पद्धत असते म्हणून. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढं होतं.

ती वाचली. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र वाढलेलं राहिलं. पुवाच्या विषानं मूत्रपिंडांना इजा झाली होती. पुढं तिला फिरवायचं, पळवायचं नाही. पोहणं बंद, स्पर्धा बंद. टाके काढायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, त्या एका दिवसानं फरक पडला का.

"आता ते सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि मग, "त्याआधीचे दिवसही असतील."

त्या सौम्यपणे बोलल्या होत्या. मी मान हलवली.

स्पर्धा ठरल्या रविवारी झाली. मी नाव मागे घेतल्याचं आयोजकांना आधीच कळवलं होतं. संध्याकाळी पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. धाकटीची चौकशी त्यांनी मनापासून केली. नंतर म्हणाले की त्यांच्या नराची पिल्लं मार्चअखेर येतील, मादी दुसऱ्या कुणाची आहे, चांगल्या घरची आहे, एक मादी पिल्लू माझ्यासाठी ठेवू का. त्यांचा हेतू चांगला होता. माझ्या पायाशी धाकटी झोपली होती, पोटावरचे केस अजून नीट आले नव्हते. थोरली दारात.

मी म्हणालो, कळवतो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली की हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, त्या माणसाला लटकवून ठेवू नका, दुसरं कुणीतरी घेईल.

तिचं म्हणणं बरोबर होतं. मार्च संपून गेला आहे. मी अजून कळवलेलं नाही.