शेपटाची सावली

लष्करी विमानाच्या पाठीवर बसवायचा अँटेना कसा असावा, हे ठरवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. विमानातल्या माणसाचा आवाज उपग्रहापर्यंत पोचला पाहिजे, विमान कसंही वळलं तरी तुटता कामा नये. वळताना कधीकधी शेपूट मध्ये येतं आणि उपग्रह दिसेनासा होतो. त्याला आम्ही सावली म्हणतो. ती कमी करायला मी बंगळूरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं अँटेना बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवत बसले. क्षणभर जरी संपर्क तुटला, तरी बैठकीत आमची सालटी काढली जायची.

माझा धाकटा भाऊ मेळघाटात, सेमाडोहच्या पुढे एका वस्तीवर आश्रमशाळेत मास्तर होता. तिथे रेंज नव्हती. फोन करायचा तर शाळेमागचं टेकाड चढायचं आणि वर मोहाच्या झाडाखाली उभं राहायचं. रविवारी तो तिथून बोलायचा, धापा टाकत. "ताई, लवकर बोल, चुलीवर भात ठेवून आलो," म्हणायचा आणि मग स्वतःच थांबायचा नाही. बदली करून घे म्हणून मी रागवायचे.

"काहून? इथं कोनी पिडत नाई मले," हे त्याचं ठरलेलं उत्तर. हट्टी होता. आमच्या घरात सगळेच आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको माहेरी, अकोल्याच्या जुन्या शहरात गेली होती. सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. शेजारी राहणाऱ्या शाळेच्या शिपायाला हाक मारून टेकाडावर पाठवायचं, एवढंच करायचं होतं. पण कुणाला कशाला त्रास, म्हणून हा शहाणा स्वतःच चढला. फोन लागला. दवाखान्याची गाडीही आली. माणसं वर पोचली तेव्हा तो झाडाला टेकून बसला होता. प्राण गेला होता. डॉक्टर म्हणाले, चढ चढले नसते तर कदाचित वाचले असते. त्या कदाचितनं मला आजवर धड झोपू दिलेलं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या घरी भेटायला माणसं आली होती. काका त्यांना कौतुकानं सांगू लागले, आमची पोरगी इमानातून उपग्रहाशी बोलायचं यंत्र बनवते. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. आई भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवसांत ती कुणाशी बोलत नव्हती. तिनं मान वर केली.

"असं यंत्र त्या वस्तीवर बसलं असतं का वं?"

खोटं बोलता आलं असतं. पण आईपुढे मला ते कधीच जमलं नाही.

"बसलं असतं. इमानापेक्षा सोपं हाये. वस्ती काई हालत नाई."

"मंग काहून नाई बसवलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वेगळं खातं, वेगळी मंजुरी, असं काहीबाही माझ्या ओठांवर आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"मले कोनी सांगतलं नाई, आई."

"त्यानं बी नाई?"

"त्यानं बी नाई."

तिनं पुन्हा भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाली, "त्याले वाटलं असन, तुले तरास कायले द्याचा."